मस्टरमधला माझा रविवार

साहूंचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. रायपूरहून नव्या राजधानीकडे जाणारी आमची कर्मचाऱ्यांची बस, दोन्ही बाजूंना धानाची शेतं, आणि खिडकीला डोकं टेकून मी डुलकी काढत होते. "दीदी, मेश्राम बाबू नहीं रहे. सुबह नाश्ता करके उठे, और बस..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी चालत्या बसमध्ये उठून उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. मधेच उतरले असते तर परत यायला काही साधन नव्हतं, म्हणून तशीच शेवटपर्यंत गेले. ऑफिसच्या दारातल्या मशीनवर सवयीने अंगठा ठेवला, मशीनचा हिरवा दिवा लागला, आणि सरकारदरबारी त्या दिवशी मी हजर लागले. मग परतीची गाडी मिळेपर्यंत फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिले. मेश्रामकाका तिथे असते तर त्या मशीनकडे बोट करून म्हणाले असते, "इले हाजिर कोनं लिवलं? पोट्टी इथं आहेच कुठं?"

याला आता सहा आठवडे होत आले. एवढ्या दिवसांत त्यांच्यावर लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद केला का पाहायला, एकदा वाळत घातलेले कपडे काढायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते आठवतसुद्धा नाही. खरी गोष्ट अशी आहे की काकांबद्दल चांगलं लिहायचं तर माझ्याबद्दलचं वाईट आधी लिहावं लागतं. ते गेले मंगळवारी. त्याआधीच्या रविवारी, म्हणजे दोनच दिवस आधी, ते माझ्या घरी आले होते. मी घरात होते आणि मी दार उघडलं नाही. ते येत असत ते हातात मस्टर घेऊन, आणि भेटलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद होत असे. त्या रविवारी माझ्या नावासमोर त्यांनी काय लिहिलं असेल, हा प्रश्न सहा आठवडे मला धड बसू देत नव्हता. आता ऑफिस सोडलेला माणूस घरोघर मस्टर घेऊन का फिरतो, हे वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून जरा मागे जाते.

नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात भोपाळहून लोखंडी कपाटं, फायलींचे गठ्ठे आणि रुसलेली माणसं घेऊन एकेक खातं रायपुरात उतरत होतं. जागा कुणालाच पुरत नव्हती. आमच्या खात्याच्या वाट्याला एका जुन्या हॉस्पिटलचा वार्ड आला. भिंतींवर खाटांचे नंबर तसेच होते. मी चोविशीची, नोकरी नवी, माझं टेबल अकरा नंबरच्या खाटेच्या जागी. कुणी माझ्याबद्दल विचारलं की चपराशी बिनदिक्कत सांगायचा, "ग्यारह नंबर में पूछ लो." मेश्रामकाका तिथले हजेरी सांभाळणारे बाबू. घराणं भंडाऱ्याकडचं, वडील इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात होते, काका लहानाचे मोठे रायपुरातच झाले. मग नोकरीची वीस वर्षं त्यांनी भोपाळात काढली. त्या सगळ्या लवाजम्यात न रुसता आलेला असा हा एकच माणूस असावा. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं, "मराठी काय वो बाई?" मी हो म्हटल्यावर जे मराठी सुरू झालं ते पुढे कधी थांबलं नाही.

कुठल्याही ऑफिसात मस्टर बाबूच्या टेबलावर पडलेलं असतं. माणसं येतात, सही ठोकतात, चहाला जातात. काकांचं तसं नव्हतं. साडेदहा वाजले की मस्टर काखेत मारून ते वार्डभर फिरायचे, जणू राउंडला निघालेले डॉक्टर. प्रत्येकाच्या टेबलासमोर उभं राहायचं, चष्मा सारखा करून त्याच्या तोंडाकडे नीट पाहायचं, आणि मगच पान उघडून पुढे करायचं. फायलीत डोकं घालून नुसता हात पुढे केलात तर म्हणायचे, "मान वर कर." मला पहिल्या आठवड्यातच याचा संताप आला. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. "काका, मी काय शाळेत आहे? पळून जाणार आहे का कुठे?" असं मी सगळ्यांदेखत विचारलं. ते रागावले नाहीत. दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "मस्टर म्हंजे काय, ठाव आहे तुले?"

सदर बाजाराच्या मागच्या एका कबाड्याकडे त्यांना इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड कोश मिळाला होता. दोन खंडांपैकी दुसराच, एम पासून पुढचा. पहिला खंड रद्दीत कुठे गेला ते त्या कबाड्यालाही माहीत नव्हतं. "एलपर्यंतचं इंग्रजी मले येत नाई," असं काका अगदी गंभीरपणे सांगायचे. मस्टर हा शब्द त्या खंडातल्या पहिल्याच अक्षरात, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ. मूळ लॅटिन, अर्थ दाखवणं, समोर आणून उभं करणं. तिथून तो फ्रेंचांकडे गेला आणि मग इंग्रजांच्या फौजेत. फौज रांगेत उभी करायची, अधिकाऱ्याने एकेक माणूस, त्याचा घोडा, त्याचा भाला डोळ्यांनी पाहायचा आणि मग नाव लिहायचं, याला मस्टर म्हणत. वही नंतर आली. काही सरदार मेलेल्या शिपायांची नावं तशीच चालू ठेवून त्यांचा पगार उचलत, पाहणीच्या दिवशी शेजारच्या तुकडीतली माणसं उसनी आणून उभी करत. म्हणून मग राजाला पाहणीसाठी खास अधिकारी नेमावे लागले, त्यांना म्हणायचे मस्टर-मास्टर. इंग्रजीत अजूनही एखादी गोष्ट कसाला उतरली की ती मस्टर पास झाली म्हणतात. "अन् मॉन्स्टर बी याच्याच खानदानातला," असं म्हणून त्यांनी साहेबांच्या केबिनकडे अशी नजर टाकली की मला ठसका लागला. मग डबा बंद करत म्हणाले, "फौज गेली, घोडे गेले, वही तेवढी रायली. पाहाचं काम कोणीच करून नाई राहिलं, बाई."

या पाहण्यापायी त्यांच्याकडून एक चूकही झाली, आणि ती अशी की तशी फक्त त्याच वर्षी, त्याच गावात होऊ शकली असती. रोज नवी माणसं येत होती, कुणाचे हुकूम आले होते, कुणाचे वाटेत होते. एक दिवस एक सडपातळ माणूस चार नंबरच्या खाटेच्या जागी येऊन बसला. काका समोर गेले, त्याचं तोंड पाहिलं, नाव विचारलं आणि मस्टरमध्ये खाली लिहून सही घेतली. तीन आठवडे तो माणूस वेळेवर येत होता, दिलेलं काम चोख करत होता. मग उघड झालं की त्याची नेमणूक वरच्या मजल्यावरच्या भलत्याच खात्यात होती, आणि तिथे तो तीन आठवडे गैरहजर होता. तेच हे साहू. साहेबांनी काकांना उभं करून विचारलं, "आपने ऑर्डर नहीं देखा?" काका म्हणाले, "आदमी देखा था, सर." वार्ड हसून लोळला. साहू वर गेले खरे, पण चहाला रोज आमच्याकडेच यायचे. काकांनी सही करून लिहून दिलं की हा माणूस त्या तीन आठवड्यांत रोज हजर होता, आपण स्वतः पाहिला आहे. वरच्या खात्याने ते कसंबसं मानलं.

मला मात्र त्यांच्या पाहण्याचं मोल कळलं ते दुसऱ्या वर्षी. नवं लग्न, चौबे कॉलोनीत भाड्याचं घर, सासरची माणसं, ऑफिस. आठवडाभर अंगात कसकस होती, जेवण जात नव्हतं, पण घरात कुणाला वाटलं थकवा आहे, कुणाला वाटलं गोड बातमी आहे. एक दिवस काका मस्टर घेऊन समोर आले, चष्मा सारखा केला आणि पान उघडलंच नाही. मला खिडकीशी उजेडात नेलं. "डोळे पिवळे दिसून राहिले तुहे. काहून आली तू?" मी म्हटलं, सही तर करू द्या. "सही नाई. तू हाजिर नाईस. दवाखान्यात जाय, आताच." साहूंना सांगून त्यांनी रिक्षा मागवली. कावीळ चांगलीच वाढली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस काढले असते तर कठीण होतं. माझ्या घरात तेव्हा पाच माणसं होती आणि रोज सगळी मला पाहत होती. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पाहणं निराळं आणि पाहणं निराळं, एवढंच.

मग वर्षं गेली. वार्ड सुटला, खातं दोन इमारती बदलून शेवटी पार नव्या राजधानीतल्या चकचकीत काचांच्या इमारतीत गेलं. तिथे अंगठ्याचं मशीन आलं आणि मस्टर बंद झालं. काका त्या मशीनपाशी पहिल्या दिवशी बराच वेळ उभे होते. "अंगठा ओयखते, मानूस नाई ओयखत," एवढंच बोलले. सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल मिळाली, घड्याळ मिळालं, भाषणं झाली, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी सदर बाजारातून एक कोरं मस्टर विकत आणलं. त्यात वार्डातल्या पहिल्या दिवसाच्या आम्हा एकवीस जणांची नावं लिहिली. बाविसावं नाव साहूंचं. "पाह्यला होता, म्हून लिवला," असं त्याचं स्पष्टीकरण. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेल्मेट घालून मोपेडवरून निघायचे, पुरानी बस्तीपासून सुरुवात करून संध्याकाळपर्यंत जमतील तेवढी घरं. जायचं, तोंड पाहायचं, बरा आहेस का विचारायचं, वेळ टाकायची, सही घ्यायची. फोनवरून हजेरी लागत नसे. भोपाळला परत गेलेल्यांच्या समोर रेघ, आणि जे वारले त्यांचं नाव खोडायचं नाही, नुसती ओळ कोरी सोडायची.

सुरुवातीला मला याचं फार कौतुक होतं. मी पोहे करायचे, त्यांना आवडायचं म्हणून वर जास्तीचे शेंगदाणे घालायचे. पण काका आले की तास-दीड तास हलायचे नाहीत. एम पासून झेडपर्यंत कुठलाही शब्द निघायचा. रविवार हा माझा एकच दिवस, आठवड्याचे कपडे, भाजी, मुलीची फी, केस धुणं. कधी कधी ते बोलत असताना मी मनात धोब्याचा हिशेब करत असे. मग एकदा मी आतच थांबले आणि मुलीला पुढे केलं. माझी मुलगी मराठी समजते, बोलते हिंदीत. ती दारात जाऊन म्हणाली, "दादाजी, मम्मी मार्केट गई है." काका म्हणाले, "हव, बेटा," आणि गेले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली तेव्हा ते जिन्यातच असणार. पुढच्या महिन्यात आले ते काही झालंच नाही असे. मी हायसं वाटून घेतलं. माणूस रागावला नाही की आपण किती चटकन निर्लज्ज होतो.

आणि मग तो शेवटचा रविवार. कारण काही मोठं नव्हतं. मी आजारी नव्हते, भांडण नव्हतं, घरात पाहुणे नव्हते. मला फक्त कंटाळा आला होता. घंटी वाजली, मला त्यांची मोपेड ऐकू आली होतीच. दुसऱ्यांदा वाजली. नवरा आणि मुलगी बाहेर होते. मी चप्पल काढून अनवाणी उभी राहिले, पावलांचा आवाज नको म्हणून... स्वतःच्या घरात! तिसऱ्यांदा वाजली नाही. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरातल्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवून खाली पाहिलं. काका फाटकापाशी मोपेडवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होते. पट्टा लागत नव्हता, म्हणून त्यांनी मान वर केली. त्यांना मी दिसले का? त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी पडदा सोडला. मोपेड गेली. आणि खरं सांगायचं तर मी केस धुवायला गेले.

ते गेल्यावर, अंत्ययात्रेत, मी मागे मागे राहिले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी गेले, रेल्वे लाइनीपलीकडच्या मोहल्ल्यात, इथे त्याला पारा म्हणतात, तेव्हा सगळे त्रिशरण म्हणत होते आणि मी कपाटावर ठेवलेल्या त्या लांबट मस्टरकडे पाहत होते. हात लावायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला पडद्यामागे उभं केलं आणि स्वतः फाटकापाशी जाऊन मान वर करून पाहिलं. सकाळचं ऊन काचेवर होतं, कधी तोंड दिसल्यासारखं वाटे, कधी नुसती चकाकी. तीन निरनिराळ्या दिवशी हा प्रयोग केला. "मम्मी, आप कर क्या रहे हो?" मुलगी वैतागून वरून ओरडली. मी दोनच शक्यता मोजत होते. त्यांनी मला गैरहजर लिहिलं असेल तर मी त्यांना फसवलं, आणि ते फसून गेले. हजर लिहिलं असेल तर त्यांनी मला लपलेलं पाहिलं होतं, कारण न पाहता त्यांनी जन्मात कुणाला हजर लिहिलं नाही. यातलं काय मला हवं होतं, तेही मला ठरवता येईना.

गेल्या रविवारी शेवटी गेले. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "काकू, त्या दिवशी मी घरातच होते."

"ठाव आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी कपाटावरून मस्टर काढून माझ्यासमोर उघडलं. माझी ओळ, त्या रविवारचा रकाना. काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, हाजिर, आणि खाली वेळ, अकरा दहा. सहीची जागा कोरी. काकू सांगू लागल्या. "घरी आले त हासून राहिले होते. म्हणे, वंदना दार नाई उघडली, पण पडदा सरकोला तिनं, तोंड दिसलं. तब्येत बरी दिसून राहिली पोट्टीची. मी म्हटलं, राग नाई आला तुमाले? एवढ्या उन्हात गेले अन् तिनं घरात नाई घेतलं. त म्हणे, मस्टरमंधी रागाचा कॉलम नसते."

मी रडले. किती, ते लिहीत नाही. काकूंनी पदराने मस्टरच्या पानावर पडलेलं टिपलं आणि चष्म्याच्या घरातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "सही रायली तुही. पुढच्या महिन्यात घेईन म्हणत होते."

मी म्हटलं, नाही, हे त्यांना चाललं नसतं. सही समोर कुणी पाहणारं असताना करायची, मागाहून करायची ती खोटी. मी ती करणार नाही.

काकूंनी आपला चष्मा लावला. खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसल्या. "मी पाहून राहिली ना तुले," त्या म्हणाल्या. "कर."

मी सही केली. ती झाल्यावरही काकू माझ्या तोंडाकडेच पाहत होत्या, सावकाश, काही घाई नसल्यासारख्या. उठून पळून जावंसं मला फार वाटलं, पण मी बसून राहिले.